मुलांना जोडलेल्या वस्तू बनवायला शिकवतोय, पण सगळे तोच एक दिवा लावतायत

शनिवारचा_मास्तर

नमस्कार मंडळी. दर शनिवारी दोन तास मुलांचा क्लब चालवतो, त्यात जोडलेल्या वस्तू, म्हणजे एकमेकांना निरोप पाठवणारी छोटी उपकरणं, बनवतो. बारा ते पंधरा वयोगट, वीसेक मुलं. पोटापाण्याचं काम वेबसाइट बनवण्याचं, त्यामुळे कोडला घाबरत नाही. तारा, रेझिस्टर, सोल्डरिंग यांच्याशी मात्र ओळख बेताचीच.

क्लबकडे काही मायक्रो:बिट (मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचे छोटे बोर्ड) आहेत, काही ईएसपी३२ (वाय-फायवाले) बोर्ड आहेत, आणि सेन्सरांचं एक खोकं आहे. अडचण सामानाची नाहीच. मुलं व्हिडिओ बघतात, कोड जसाच्या तसा उतरवतात, फोनवरून एलईडी लागतो, विझतो, टाळ्या पडतात, आणि लगेच 'सर, झालं. आता काय?' पुढच्या शनिवारी तोच दिवा निळा होतो. त्याच्या पुढच्या शनिवारी 'ओके, दिवा लाव' असं बोलून लागतो. स्वतःच्या डोक्यातून काही निघतच नाही. 'काय बनवायचंय?' असं विचारलं तर 'स्मार्ट होम' हे एकच उत्तर.

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मायक्रो:बिटवर राहू की सगळ्यांना ईएसपी३२ वर नेऊ? नक्कल करण्याकडून स्वतः रचना करण्याकडे मुलांना कसं वळवायचं? आणि एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, 'हे सगळं इंटरनेटला जोडणं सुरक्षित आहे का?' मी तेव्हा 'हो हो' म्हणालो खरा, पण पालकांना नीट सांगावं असं उत्तर हवंय.

बिट्स_आणि_बाता

सरळ ईएसपी३२. वाय-फाय आहे, ब्लूटूथ आहे, खरं काम त्यावरच होतं. मायक्रो:बिट गोड आहे, पण त्यात वाय-फाय नाही, मग 'जोडलेली वस्तू' कशी म्हणायची? तेरा वर्षांच्या मुलाला खेळणं दिलंत तर तो खेळणार आणि सोडून देणार.

एक सूचना. क्लबमधल्या सगळ्या यूएसबी केबल आधी तपासा. निम्म्या फक्त चार्जिंगच्या निघतील, त्यात डेटाच्या तारा नसतात. बोर्डवरचा दिवा लागतो, संगणकाला मात्र बोर्ड दिसतच नाही, आणि मुलं ड्रायव्हर शोधत बसतात.

तारजोड

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि बरीच वर्षं मुलांबरोबर हाच उद्योग करते आहे, म्हणून जरा लांबण लावते.

बिट्स, केबलबद्दल शंभर टक्के. बाकी पटलं नाही. वस्तू जोडलेली असायला वाय-फायच लागतं असं कोण म्हणालं? मायक्रो:बिटमध्ये रेडिओ आहे. दोन बोर्ड एकाच ग्रुपवर ठेवले, ० ते २५५ मधला कुठलाही, की एक बोलतो आणि दुसरा ऐकतो. ना पासवर्ड, ना राउटर, ना खातं. मेककोडमध्ये, म्हणजे त्याचे प्रोग्राम जिथे लिहितात तिथे, एका वेळी १९ अक्षरांपर्यंतच मजकूर जातो आणि मला ही मर्यादा फार आवडते, कारण नेमकं काय कळवायचंय हे पोरांना ठरवावं लागतं. ब्रिटनमध्ये २०१६ साली सातवीच्या वर्गातल्या मुलांना मिळून जवळपास दहा लाख मायक्रो:बिट फुकट वाटले गेले ते खेळायला नव्हे. पहिले काही शनिवार त्यावरच काढा. ज्या गटाला 'घराबाहेरच्या माणसाला कळायला हवं' असं खरोखर वाटेल, तोच गट ईएसपी३२ कडे जाईल. बोर्ड बदलायला कारण लागतं आणि ते कारण मुलांनी सांगायचं, आपण नाही.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे तुमचं खरं दुखणं. 'काय बनवायचंय?' हा प्रश्नच टाकून द्या. त्याचं उत्तर जाहिरातीतून येणार, म्हणजे स्मार्ट होम. मी विचारते, 'कोणाला, काय, कुठे बसून कळायला हवंय, आणि ते आत्ता कळत नाही म्हणून काय होतं?' वाक्य लांबलचक आहे, पण फळ्यावर तसंच लिहून ठेवते. त्याच्या जोडीला केंब्रिजमधल्या कॉफीच्या भांड्याची गोष्ट सांगते. १९९१ मध्ये तिथल्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं भांडं एकच होतं आणि माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर बसायची. जिने उतरून यावं तर भांडं रिकामं. मग त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं करडं, बारकं चित्र आपापल्या पडद्यावर दिसेल अशी सोय केली. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि जगभरच्या लोकांनी पाहिलं, २००१ मध्ये बंद झालं. मुलं हसतात, पण फळ्यावरचं ते लांबलचक वाक्य त्यांना तिथे समजतं. कोणाला, काय, कुठे, आणि नाही कळलं तर काय.

एक गट सांगते, म्हणजे प्रकरण कसं पुढे सरकतं ते दिसेल. दोन मुली, एक मुलगा. त्यातल्या एकीच्या घरी कुत्रा. अडचण अशी की घरातला प्रत्येक जण त्याला खायला घालतो, आणि कुत्रा प्रत्येकाला 'मी सकाळपासून उपाशी आहे' असं पटवून देतो. (कुत्र्याच्या अभिनयाबद्दल वेगळा धागा काढावा लागेल.) आई कामावरून फोन करून विचारते, 'घातलं का?' आणि कोणालाच नक्की सांगता येत नाही. इथे जोडणी लागते, कारण ज्याला कळायला हवं तो माणूस घरात नाही.

पहिला आराखडा म्हणजे बटण. खायला घातलं की बटण दाबायचं, आईच्या टेबलावरचा दिवा हिरवा. मी म्हटलं, बांधू नका, आधी पुठ्ठ्याचं बटण करून डब्याशेजारी चिकटवा आणि एक आठवडा बघा कोण दाबतं. कोणीच दाबलं नाही. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वाटी, पायात कुत्रा, बटण कोण दाबणार! तारेचा एक तुकडाही न वापरता तो आराखडा बाद झाला. मग झाकणाला चुंबक आणि डब्याच्या कडेला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच. झाकण उघडलं की कळतं. पण शिल्लक किती आहे ते बघायलाही झाकण उघडतात, तेव्हा घरच्यांवर नजर ठेवून त्या कुत्रेवाल्या मुलीने शोधलं की नुसतं डोकावताना झाकण लगेच बंद होतं आणि खायला घालताना बराच वेळ उघडं राहतं. मग तेवढा वेळ कोडमध्ये धरला. हे सगळं व्हिडिओत मिळत नाही, कारण व्हिडिओ बनवणाऱ्याच्या घरी तो कुत्रा नाही.

पण खरी धमाल पुढे आहे. निरोप पाठवायला एमक्यूटीटी वापरलं, म्हणजे मधल्या एका ब्रोकरमार्फत (निरोप वाटणारा प्रोग्राम) उपकरणांनी एकमेकांना निरोप देण्याची पद्धत. त्यात एक सोय असते, शेवटचा निरोप ब्रोकरकडे राखून ठेवायची. आईचा दिवा उशिरा सुरू झाला तरी तो निरोप त्याला मिळतो. छान. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावला तर हिरवा, कारण राखलेला निरोप कालचा! म्हणजे निरोपात वेळ हवी. ईएसपी३२ ला चालू झाल्यावर किती वाजले ते माहीत नसतं, नेटवरून विचारून घ्यावं लागतं. बरं, वेळ आली, मग दिवस कधी बदलायचा? मध्यरात्री? त्या घरात थोरला भाऊ रात्री बारानंतरही खायला घालतो. मुलांनी वाद घालून पहाटे ४ ही वेळ ठरवली. आणि डब्याचं वाय-फाय गेलं तर? दिवा नारिंगी ठेवला तर आई 'उपाशी आहे' समजणार, हिरवा ठेवला तर 'जेवला' समजणार, आणि दोन्ही खोटं. तेव्हा त्या मुलाने तिसरा रंग सुचवला, जांभळा, म्हणजे 'मला माहीत नाही'. माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला तो सगळ्यात मोठा शोध होता. बाजारातल्या कितीतरी 'स्मार्ट' वस्तूंना हे तीन शब्द बोलता येत नाहीत. आता मी प्रत्येक गटाला पहिल्याच दिवशी विचारते, 'तुमची वस्तू माहीत नाही हे कसं सांगणार?' ते ठरल्याशिवाय सोल्डरिंगची इस्त्री तापत नाही.

बॅटरीचा हट्ट पहिल्या प्रकल्पात नको. चिप झोपते तेव्हा विजेचा अगदी कणच खाते हे खरं, पण बोर्डवरचा रेग्युलेटर आणि तो लाल दिवा जागेच असतात. यूएसबीवर चालू दे. आणि भिंतीतल्या विजेला माझ्या वर्गात कोणी हात लावत नाही. रिलेसुद्धा (विजेवर चालणारा स्विच) नाही. पंखा 'चालवायचा' असेल तर ५ व्होल्टचा छोटा चालवा, शिकायचं ते सगळं त्यातही आहे.

बिट्स_आणि_बाता

ताई, रेडिओचा मुद्दा मान्य, शब्द मागे घेतो. जांभळा दिवा चोरतोय.

शनिवारचा_मास्तर

तारजोडताई, मनापासून आभार. पुठ्ठ्याचं बटण येत्या शनिवारीच करतो. एक शंका आहे. एमक्यूटीटी मला कामामुळे माहीत आहे, पण बारा वर्षांच्या मुलाला ब्रोकर, सबस्क्राइब वगैरे समजावताना माझे शब्दच संपतात. तुम्ही कसं सांगता?

तारजोड

सांगत नाही, खेळवते. एक मूल मधे उभं, तो ब्रोकर. बाकीच्यांकडे कागदाच्या चिठ्ठ्या. ज्याला जे ऐकायचंय तो आधी ब्रोकरला सांगून ठेवतो, 'दार या विषयावर काही आलं तर मला दे.' पाठवणारा चिठ्ठीवर विषय आणि निरोप लिहून ब्रोकरच्या हातात देतो. कोणाला द्यायचं ते पाठवणाऱ्याला माहीतच नसतं. ब्रोकर चिठ्ठीच्या प्रती काढून वाटतो. नियम एकच, ब्रोकर सोडून कोणी कोणाशी बोलायचं नाही.

दहा मिनिटांत चाललं की मोडायला लागा. एकाला वर्गाबाहेर पाठवा, मधल्या काळात त्याच्या विषयावर दोन निरोप जाऊ द्या, मग त्याला आत घ्या. तो विचारणारच, 'माझ्या चिठ्ठ्या?' आता वर्गानेच ठरवायचं की ब्रोकरने जुन्या चिठ्ठ्या ठेवायच्या का, सगळ्या की फक्त शेवटची. एमक्यूटीटीत या प्रत्येक उत्तराला सोय आहे, पण प्रश्न आधी पडायला हवा. मग एका पाठवणाऱ्याला गुपचूप गप्प बसायला सांगा. तो गेला, झोपला, की त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, हे बाकीच्यांना कळत नाही. इथे त्या 'शेवटच्या इच्छापत्रा'ची गंमत येते. बोर्ड जोडला जातानाच ब्रोकरला सांगून ठेवतो, 'मी न सांगता गेलो तर माझ्या नावाने हा निरोप वाट.' ब्रोकर किती वेळ वाट पाहतो? बोर्डाने 'मी आहे' असं कळवत राहायची जी मुदत ठरलेली असते, तिच्या दीडपट. मुदत ६० सेकंदांची असेल तर ९०. कुत्र्याचा जांभळा दिवा असाच लागतो.

आणि सगळ्यात आवडता खेळ, दोनदा पोचलेली चिठ्ठी. 'मिळालं' असं ओरडलेलं ब्रोकरला ऐकू आलं नाही म्हणून तो तीच चिठ्ठी पुन्हा देतो. चिठ्ठीवर 'दिवा बदल' असं लिहिलं असेल तर दिवा लागून पुन्हा विझतो. 'दिवा चालू' असं लिहिलं असेल तर दोनदा काय, दहादा येऊ दे. हे मुलांनी हाताने केलं की कोडमध्ये 'बदल' लिहिणारा शोधून सापडत नाही.

कोणीतरी विचारतंच, हे इतकं काटकसरीने का बनवलंय. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवण्यासाठी रचलं. निरोप उपग्रहावरून जायचे आणि तिथे प्रत्येक बाइट महाग.

कुलूपकिल्ली

पालकांच्या प्रश्नाकडे सगळ्यांनीच पाठ फिरवली, म्हणून लिहितो. माझं काम नेटवर्क सुरक्षेचं.

'सुरक्षित आहे का' याला 'हो' म्हणू नका. 'या या अटींवर' असं म्हणा. क्लबसाठी वेगळं वाय-फाय ठेवा, पाहुण्यांसाठी असतं तसं, म्हणजे मुलांचे बोर्ड आणि तुमचे कामाचे संगणक एका नेटवर्कवर नसतील. ते २.४ गिगाहर्ट्झचं असू द्या, मूळ ईएसपी३२ ला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. वाय-फायचा पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये, आणि कोड कुठे टाकताना ती फाइल सोडून बाकीचं टाकायचं. माइक आणि कॅमेरा वापरायचा असेल तर ज्या खोलीत ठेवणार तिथल्या प्रत्येकाला आधी विचारायचं. नुसता हालचालीचा सेन्सरसुद्धा धाकट्या बहिणीच्या खोलीत लावला तर ती पाळतच झाली.

मुलांना मिराईची गोष्ट सांगा. २०१६ मध्ये या मालवेअरने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी कसली दिव्य विद्या नव्हती, कारखान्यातून येतात ते नाव-पासवर्ड, साठेक जोड्या, एकामागून एक लावून बघितल्या. ऑक्टोबरमध्ये त्याच्याच जोरावर साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि मोठमोठ्या साइट तासन्‌तास उघडेनात. ज्यांनी तो लिहिला ते विशीच्या आसपासचे तरुण, सुरुवात माइनक्राफ्टच्या सर्व्हरांमधल्या चढाओढीतून. २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. 'माइनक्राफ्ट' म्हटलं की तुमच्या वीसच्या वीस पोरांचे कान टवकारतील.

आणि एक प्रात्यक्षिक. सरावासाठी असलेले खुले एमक्यूटीटी ब्रोकर आहेत. तिथे हॅशचं चिन्ह टाकून 'सगळंच ऐकायचंय' म्हटलं की अनोळखी लोकांच्या सेन्सरांचे आकडे धबधब्यासारखे येतात. दोन मिनिटं दाखवा. भाषण द्यायची गरज पडणार नाही.

तारजोड

कुलूपकिल्ली, अटींची यादी मी छापून दारावर लावणार आहे. प्रात्यक्षिकाला मात्र माझा विरोध. त्या धबधब्यात कोण काय लिहून ठेवेल याचा भरवसा नाही आणि समोर बारा वर्षांची पोरं आहेत. शिवाय दुसऱ्याचं उघडं दार दिसलं म्हणून आत डोकवायचं, हे मी शिकवणार नाही. मी वर्गातल्याच लॅपटॉपवर मॉस्किटो (ब्रोकरचा प्रोग्राम) चालवते, इंटरनेट नाही, फक्त राउटर. मुलांनी आपापले निरोप पाठवले की मी पडद्यावर हॅश लावते आणि सगळ्यांचे निरोप सगळ्यांना दिसतात. 'मॅडम, माझं का दाखवता?' असं एक जण तरी म्हणतोच, आणि पासवर्ड, एन्क्रिप्शन, पोर्ट १८८३ (उघडा) आणि ८८८३ (एन्क्रिप्ट केलेला) मधला फरक हे सगळं तिथून सुरू होतं.

मास्तर, हे करणार असाल तर दोन खड्डे आधीच दाखवते. मॉस्किटोची आवृत्ती २ पासून कॉन्फिग फाइल न देता चालवला तर तो फक्त त्याच लॅपटॉपचं ऐकतो, बाहेरच्या बोर्डांना दार बंद. फाइलमध्ये लिसनर १८८३ आणि अनामिक जोडणीला परवानगी, या दोन ओळी घाला. वर्गापुरतं ठीक, घरी नाही. दुसरा खड्डा म्हणजे सगळी मुलं एकच कोड चिकटवतात, त्यात क्लायंट आयडीही तोच. एका आयडीचा दुसरा बोर्ड आला की ब्रोकर पहिल्याला हाकलतो, पहिला पुन्हा जोडतो, दुसरा बाहेर. सगळा वर्ग लपंडाव खेळत बसतो आणि दोष वाय-फायला. आयडीत प्रत्येक बोर्डाच्या मॅक पत्त्याचे (बोर्डाचा स्वतःचा वेगळा क्रमांक) शेवटचे आकडे घाला.

कुलूपकिल्ली

वर्गात लॅपटॉपवर, मान्य. वयाचा विचार माझ्या लक्षात आला नव्हता.

शनिवारचा_मास्तर

चिठ्ठ्यांचा खेळ झाला. ब्रोकर झालेल्या मुलाला घाम फुटला आणि त्यानेच विचारलं, 'सर, दोन ब्रोकर ठेवता येतील का?' क्लबमध्ये एवढा चांगला प्रश्न याआधी आलेला आठवत नाही. पुठ्ठ्याच्या वस्तूही आल्या. एका गटाने 'वाचनालयातून आणलेलं पुस्तक नेमकं कोणाकडे आहे' हा विषय घेतलाय, स्मार्ट होमचं नाव नाही.

आता नवीन डोकेदुखी. एक गट कुंडीतला ओलावा मोजतोय. ईएसपी३२, पिन २६, कपॅसिटिव्ह सेन्सर. नुसते आकडे पडद्यावर बघितले तर झकास, मातीत पाणी घातलं की बदलतात. वाय-फाय सुरू करणारी ओळ घातली की भलतेच काहीतरी येतं. ओळ काढली की पुन्हा बरोबर. तारा बदलल्या, सेन्सर बदलला, बोर्ड बदलला. मुलं म्हणतायत वाय-फायच्या लहरी मातीत जातायत.

तारजोड

लहरींचा तर्क छान आहे, लगेच खोडू नका. आधी त्यांना विचारा, तो खरा असेल तर राउटर लांब नेल्यावर काय व्हायला हवं? करून बघू द्या. फरक पडणार नाही.

मग पिन ३४ वर लावायला सांगा. मूळ ईएसपी३२ मध्ये अ‍ॅनालॉग (म्हणजे कमी-जास्त होणारा व्होल्टेज) मोजणारे दोन भाग आहेत. पिन २६ दुसऱ्या भागावर येते, आणि वाय-फाय चालू असलं की तो भाग वाय-फायच वापरतं. ३२ ते ३९ या पिना पहिल्या भागावर आहेत, तिथे अडचण नाही. तुमच्या बोर्डवर ३७ आणि ३८ बहुधा बाहेर काढलेल्या नसतील. ३४ पासून पुढच्या पिना फक्त ऐकतात, बोलत नाहीत, म्हणजे त्यांवर एलईडी लावायला जाऊ नका. सेन्सरला ३.३ व्होल्टच द्या. आणि पिन बदलल्यावर सुक्या आणि ओल्या मातीचे आकडे पुन्हा मोजून घ्या, जुने वापरू नका.

दोन ब्रोकरवाल्या मुलाला सांगा, ठेवता येतात, दोघांना एकमेकांशी जोडताही येतं. पण आधी चिठ्ठ्यांवर करून बघ म्हणावं, एकच चिठ्ठी दोघांमध्ये फिरत राहणार नाही याची काय व्यवस्था करशील?